नॉर्मंडी: आग आटोक्यात आली, मग जहाज आडवं का झालं?

सुकाणूधर

टायटॅनिकबद्दल सगळेच बोलतात, नॉर्मंडीबद्दल फार कमी. मला विचाराल तर अटलांटिकवरच्या प्रवासी जहाजांत शिकण्यासारखं सर्वांत जास्त हिच्याजवळ आहे. ही बोट वादळात सापडली नाही, हिमनगावर आदळली नाही, पाणबुडीच्या टॉर्पेडोनं फुटली नाही. न्यू यॉर्क शहरात, ८८ नंबरच्या धक्क्याला बांधलेली असताना आणि अख्ख्या शहराचं अग्निशमन दल हाकेच्या अंतरावर असताना गेली.

आधी कुंडली. फ्रान्समधल्या सेंट नाझेरच्या पेन्होएत गोदीत २६ जानेवारी १९३१ ला कील, म्हणजे तळाचा कणा, बसवली. २९ ऑक्टोबर १९३२ ला जहाज पाण्यात उतरवलं आणि २९ मे १९३५ ला ते ल हाव्रहून पहिल्या सफरीला निघालं. मालक फ्रेंच लाइन, म्हणजे कोंपान्यी जेनेराल त्रान्झातलांतिक. लांबी ३१३.६ मीटर, रुंदी जवळपास ३६ मीटर. प्रवासी १,९७२: पहिल्या वर्गात ८४८, टूरिस्टमध्ये ६७०, तिसऱ्यात ४५४. त्यांच्या दिमतीला खलाशी आणि नोकरवर्ग धरून १,३४५ माणसं. पहिल्याच सफरीत ४ दिवस ३ तास २ मिनिटांत अटलांटिक ओलांडून, सरासरी २९.९८ नॉट (तासाला सागरी मैल) वेगानं, इटलीच्या रेक्स या जहाजाकडून ब्लू रिबँड, म्हणजे सर्वांत वेगवान सफरीचा मान, घेतला.

२८ ऑगस्ट १९३९ ला ती न्यू यॉर्कला पोचली, महायुद्ध सुरू झालं आणि ती तिथेच अडकली. डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिकेनं ताब्यात घेऊन लाफायेत असं नाव दिलं आणि सैनिक वाहून नेण्यासाठी आतून बदलायला काढली. ९ फेब्रुवारी १९४२ ला दुपारी अडीचच्या सुमारास आग लागली. संध्याकाळी आग आटोक्यात आली. आणि रात्री पावणेतीनला, म्हणजे आगीला बारा तास होऊन गेल्यावर, जहाज डाव्या कुशीवर पडलं.

धागा मुख्यतः या बारा तासांसाठी काढलाय. पण यंत्रं, तळाचा आकार, पंखे यांवर ज्यांचा अभ्यास आहे त्यांनी तेही लिहावं. त्याशिवाय काय गमावलं ते समजणार नाही.

चार_पाती

तळापासून सुरुवात करतो. आकार काढला व्लादिमीर युर्केविच यांनी. रशियन नौदलासाठी युद्धनौकांचे आराखडे करणारा हा माणूस क्रांतीनंतर निर्वासित होऊन फ्रान्समध्ये आला आणि काही काळ मोटारींच्या कारखान्यात काम करत होता. त्यांनी मांडलेला आकार तेव्हाच्या लायनरसारखा नव्हता. नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, पुढे झुकलेली, पाण्याच्या रेषेशी नाळेचे गाल आत वळलेले, पाण्याखाली पुढच्या टोकाला फुगीर गड्डा, आणि मधला भाग चांगला रुंद. बाकीची जहाजं लांबच लांब समांतर बाजूंची, पेटीसारखी असत. हिच्या बाजू मधल्या रुंदीपासून दोन्ही टोकांकडे सतत निमुळत्या होत जातात.

प्रतिकृती पॅरिसच्या आणि मग हॅम्बुर्गच्या चाचणी-टाकीत ओढून पाहिल्यावर कंपनीची खात्री पटली. नाळेचा गड्डा स्वतःची एक लाट उठवतो. जहाजाच्या नाळेनं उठणाऱ्या लाटेच्या उंचवट्यावर या लाटेचा खळगा यावा अशी त्याची जागा असते, म्हणजे दोन्ही एकमेकींना मारतात. ३० नॉटच्या आसपास लाटा उठवण्यातच बरीच ताकद खर्च होते, म्हणून फायदा मोठा. नॉर्मंडीची यंत्रं १,६०,००० अश्वशक्तीची. त्याच वेगासाठी ब्रिटिशांच्या क्वीन मेरीला हिच्याहून बरीच जास्त शक्ती लागे. ३० नॉटनं जाताना नॉर्मंडीच्या नाळेशी फेस फार कमी उठे, ते जुन्या चित्रफितींतही दिसतं.

वाफ_आणि_वीज

यंत्रांबद्दल. मुख्य बॉयलर २९, तेलावर चालणारे. त्यांची वाफ चार टर्बो-अल्टरनेटरना, म्हणजे वाफेच्या टर्बाइनवर वीज तयार करणाऱ्या यंत्रांना. त्यांची वीज चार मोटरींना, प्रत्येक मोटर ४०,००० अश्वशक्तीची, आणि प्रत्येक मोटर एका पंख्याच्या दांड्यावर. टर्बाइन आणि पंखा यांच्यामध्ये गिअर कुठेच नाही. वीजयंत्रं आल्स्थोम या फ्रेंच कंपनीची.

टर्बाइनला जोरात फिरायला आवडतं, मोठ्या पंख्याला हळू. मधला दुवा बहुतेकांनी गिअरनं साधला, फ्रेंचांनी विजेनं. फायदे असे. उलट दिशेला जायला वेगळं टर्बाइन लागत नाही, मोटरीचे दोन फेज बदलले की झालं, आणि मागे जातानाही पूर्ण ताकद मिळते. गिअरच्या जहाजात मागे जाण्याचं टर्बाइन छोटं असतं, त्यामुळे जहाज थांबवायला जास्त अंतर लागतं. दुसरं म्हणजे कमी वेगात दोन अल्टरनेटर बंद ठेवून उरलेल्या दोघांवर चारही पंखे फिरवता येतात. तिसरं, गिअरची घरघर नाही.

तोटे: वजन जास्त, जागा जास्त, आणि वाफेची वीज व विजेची पुन्हा गती करण्यात साधारण ६ ते ८ टक्के शक्ती जाते. चांगल्या गिअरमध्ये २ ते ३ टक्केच जाते. म्हणजे युर्केविचनी तळात वाचवलेली काही शक्ती इथे खर्च झाली असं म्हणता येईल.

मुंबईकरांसाठी जोड: हीच पद्धत नॉर्मंडीच्या सहा वर्षं आधी मुंबईच्या मार्गावर चालू होती. पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीची व्हाइसरॉय ऑफ इंडिया, १९२९, इंग्लंडमधल्या टिलबरी ते मुंबई. दोन टर्बो-अल्टरनेटर, दोन मोटरी, १७,००० अश्वशक्ती. तिच्या मागून आलेल्या स्ट्रॅथनेव्हर आणि स्ट्रॅथेअर्ड याही विजेवरच चालत. बॅलार्ड पियरवर उतरलेल्या कितीतरी प्रवाशांनी टर्बो-इलेक्ट्रिक बोटीतून प्रवास केला होता.

रेवस_ते_भाऊचा_धक्का

वाचतोय. एक प्रश्न. पहिल्या वर्षी नॉर्मंडी फार थरथरायची असं वाचलं होतं. गिअर नाहीत, तळ उत्तम, मग थरथर कशाची?

चार_पाती

पंख्यांची. सुरुवातीचे पंखे तीन पात्यांचे होते. पंख्याचं प्रत्येक पातं जहाजाच्या मागच्या भागाजवळून जाताना पाण्याच्या दाबाचा एक ठोका पत्र्यावर देतं. सेकंदाला किती ठोके पडतात ते पंख्याचा वेग गुणिले पात्यांची संख्या असं निघतं. हिशेबापुरतं मिनिटाला २२५ फेरे धरा, म्हणजे सेकंदाला ३.७५. तीन पात्यांना ११.२५ ठोके, चार पात्यांना १५. जहाजाच्या मागच्या भागाचा स्वतःचा कंपनवेग पहिल्या आकड्याच्या जवळ असेल तर झोका वाढतच जातो. चार पाती केली की ठोके त्या आकड्यापासून दूर सरकतात, आणि एकेका पात्यावरचा भार कमी झाल्यानं ठोकाही हलका होतो.

१९३५-३६ च्या हिवाळ्यात जहाज बंद ठेवून चार पात्यांचे पंखे बसवले, मागचा सांगाडाही मजबूत केला. त्रास सर्वांत जास्त मागच्या टोकाला, म्हणजे टूरिस्ट वर्गाला होता. दुरुस्तीनंतर थरथर बरीच कमी झाली.

त्याच मुक्कामात मागच्या डेकवर टूरिस्ट वर्गासाठी एक बंदिस्त दिवाणखाना बांधला आणि नोंदणी ७९,२८० टनांवरून वाढून पुढे ८३,४२३ झाली. क्वीन मेरी ८०,७७४ टनांची होती, म्हणजे 'जगातलं सर्वांत मोठं जहाज' हा मान फ्रान्सकडेच राहिला. हे टन वजनाचे नाहीत हे लक्षात घ्या. १०० घनफूट बंदिस्त जागा म्हणजे एक नोंदणी टन. भिंती आणि छप्पर घातलं की आकडा वाढतो. नॉर्मंडीचं खरं वजन, म्हणजे बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन, ६८,००० टनांच्या आसपास होतं. स्थैर्याचा हिशेब कुणी करणार असेल तर हा दुसरा आकडा घ्यायचा.

निळी_फीत

वेगाचे आकडे एका जागी असावेत म्हणून. ऑगस्ट १९३६ मध्ये क्वीन मेरीनं मान घेतला, पश्चिमेकडे ३०.१४ आणि पूर्वेकडे ३०.६३ नॉट. १९३७ मध्ये नॉर्मंडीनं परत मिळवला, पश्चिमेकडे ३०.५८, पूर्वेकडे ३१.२०. ऑगस्ट १९३८ मध्ये क्वीन मेरी ३०.९९ आणि ३१.६९. त्यानंतर हा मान १९५२ पर्यंत तिच्याकडेच होता, मग अमेरिकेची युनायटेड स्टेट्स ही बोट आली.

शिडाची_सावली

तिसरं धुराडं खोटं होतं ना?

वाफ_आणि_वीज

धूर जात नव्हता एवढंच. आत हवेची यंत्रणा होती आणि प्रवाशांच्या कुत्र्यांची घरं. स्ट्रॅथनेव्हरच्या तीन धुराड्यांपैकी तर फक्त मधलं खरं होतं.

पहिल्या दोन धुराड्यांची गंमत जास्त मोलाची आहे. सर्वसाधारण जहाजात बॉयलरचा धूर नेणारा बोगदा मधोमध वर जातो आणि प्रत्येक मजल्यावरचा दिवाणखाना दुभंगतो. नॉर्मंडीत तो बोगदा खालीच दोन फाट्यांत वाटून जहाजाच्या दोन्ही बाजूंनी वर नेला आणि छतावर पुन्हा एकत्र केला. त्यामुळे वरच्या डेकवर एका दालनातून पुढच्या दालनात थेट नजर जाई. खाली पहिल्या वर्गाचं जेवणाचं दालन ९३ मीटर लांब, साडेआठ मीटर उंच, ७०० माणसांचं. खिडकी एकही नाही, सगळा उजेड फ्रेंच काचकार लालीकच्या काचेच्या दिव्यांचा.

अग्निदक्ष

आता आगीकडे येऊ. नॉर्मंडी बांधली जात असताना फ्रान्सनं दोन मोठी जहाजं आगीत गमावली होती. मे १९३२ मध्ये जॉर्ज फिलिपार, एडनच्या आखातात, पहिल्याच सफरीच्या परतीच्या वाटेवर. जानेवारी १९३३ मध्ये लातलांतिक. म्हणून नॉर्मंडीत आगीविरुद्ध तेव्हा जे जे शक्य होतं ते केलं होतं. पूर्ण जहाजाचे आग-विभाग पाडलेले, धुराची आणि उष्णतेची सूचना एका मध्यवर्ती खोलीत येणारी, चोवीस तास प्रशिक्षित पहारा, प्रत्येक मजल्यावर पाण्याच्या तोट्या.

१९४२ च्या फेब्रुवारीत यातलं काय उरलं होतं ते बघा. पहारा करणारे फ्रेंच खलाशी उतरवलेले. मध्यवर्ती खोलीची व्यवस्था मोडलेली. शहराच्या अग्निशमन दलाशी असलेली थेट तार तोडलेली. पाण्याच्या तोट्यांचे आटे फ्रेंच मापाचे, ते बदलून अमेरिकन मापाचे करण्याचं काम अर्ध्यावर. म्हणजे कुठली नळी कुठल्या तोटीला बसेल ते जागेवर जाऊनच कळायचं. वेगवेगळे ठेकेदार, नौदल, तटरक्षक दल सगळे जहाजावर, आणि आगीची जबाबदारी नेमकी एका माणसाकडे नाही. त्यात घाई: काहीच दिवसांत जहाज निघायचं होतं.

मोठ्या दालनात शोभेच्या दिव्यांचे चार खांब गॅस कटरनं कापणं चालू होतं. शेजारी जीवरक्षक जाकिटांचे हजारावर गठ्ठे रचलेले. जाकिटांत कापोक, म्हणजे आपल्या पांढऱ्या सावरीचा कापूस, आणि वर गोणपाट. हा कापूस मेणचट आणि पोकळ धाग्यांचा, म्हणूनच तो पाण्यावर तरंगतो, आणि म्हणूनच ठिणगी पडली की ज्योत त्याच्या पृष्ठभागावरून धावत जाते. शेवटचा खांब कापताना ठिणग्या गठ्ठ्यांवर गेल्या. हाताशी बादल्या होत्या. कामगारांनी हातांनी गठ्ठे उपसून आग दाबायचा प्रयत्न केला, त्यात ती पसरली. दलाला वर्दी जाईपर्यंत पाव तासाच्या आसपास वेळ गेला. जोराच्या वाऱ्यानं वरचे मजले तासाभरात पेटले. धूर खाली ओढला गेल्यानं बॉयलर सोडून माणसांना बाहेर यावं लागलं, मग वीज गेली आणि जहाजाचे स्वतःचे पंप मेले.

जहाज शहराच्या मधोमध होतं, म्हणून जखमी अडीचशेच्या वर असूनही मृत्यू एकच झाला.

रेवस_ते_भाऊचा_धक्का

आट्यांचा मुद्दा पटला, पण आजही प्रत्येक देशाची नळी वेगळीच असते ना? मग परदेशी बंदरात आग लागली तर काय करतात?

अग्निदक्ष

त्यासाठी आता प्रत्येक मोठ्या जहाजावर 'इंटरनॅशनल शोअर कनेक्शन' ठेवणं सक्तीचं आहे. एका बाजूला जहाजाच्या नळीला बसणारा आटा, दुसऱ्या बाजूला सगळ्या जगात एकाच मापाची चकती. चकतीचा बाहेरचा व्यास १७८ मिलिमीटर, आतला ६४, बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास १३२, भोकं चार आणि प्रत्येकी १९ मिलिमीटर, जाडी किमान १४.५. सोबत १६ मिलिमीटर व्यासाचे ५० मिलिमीटर लांब चार बोल्ट-नट, आठ वायसर आणि एक गॅस्केट. बंदराच्या दलाकडेही तीच चकती असते. दोन चकत्या समोरासमोर धरून चार बोल्ट आवळले की आट्यांचा प्रश्न संपतो.

गडबड होते ती साधी. चकती रंगाखाली गंजते, बोल्ट कुणीतरी दुसऱ्या कामाला नेतो, गॅस्केट वाळून तडकतं. तपासणीत ती नुसती जागेवर आहे का ते बघू नका, सगळं जोडून पाणी सोडून बघा.

आणि गॅस कटिंगबद्दल: ठिणग्या ११ मीटरपर्यंत जातात असं धरून तेवढ्या परिघातलं सगळं पेटणारं सामान हलवायचं. हलत नसेल तर न पेटणाऱ्या ताडपत्रीनं झाकायचं. काम संपल्यावर पहारेकऱ्यानं जागेवरच थांबायचं. पूर्वी अर्धा तास पुरे मानत, आता एक तास थांबतात. दबून राहिलेली ठिणगी बहुधा सगळे चहाला गेल्यावर पेट घेते.

मेटासेंटर

मूळ प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. जहाज उभं कशामुळे राहतं ते आधी. गुरुत्वमध्याला जी म्हणू. जहाज थोडं कललं की पाण्याचा वर ढकलणारा जोर बाजूला सरकतो आणि त्याची उभी रेषा मधल्या रेषेला जिथे छेदते तो मेटासेंटर, एम. एम जीच्या वर असेल तोवर जहाज परत सरळ होतं. दोघांतलं अंतर जीएम. प्रवासी लायनरमध्ये हे अंतर फार ठेवत नाहीत, एखाद मीटरच्या आसपास, कारण ते जास्त असेल तर जहाज झटके देत डोलतं आणि प्रवासी आजारी पडतात.

आता वरच्या डेकवर पाणी ओता. दोन गोष्टी होतात.

पहिली, जी वर चढतो. समजा जीच्या १५ मीटर वर १,००० टन पाणी साठलं. जहाज आणि पाणी मिळून ६६,००० टन धरा. १,००० गुणिले १५ भागिले ६६,०००, म्हणजे जी साधारण २३ सेंटिमीटर वर.

दुसरी गोष्ट जास्त घातक. पाणी मोकळं असतं. जहाज डावीकडे जरा कललं की सगळं पाणी डावीकडे धावतं. याचा परिणाम जीएम कमी झाल्यासारखाच असतो. सूत्र: दालनाची लांबी गुणिले रुंदीचा घन, भागिले १२, आणि त्याला जहाजानं सारलेल्या पाण्याच्या घनफळानं भागायचं. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद असं एक दालन घ्या: ३० गुणिले २७,००० भागिले १२ म्हणजे ६७,५००. घनफळ ६५,००० घनमीटर धरलं तर जीएम १.०४ मीटरनं कमी. एकाच दालनानं जहाजाचं सगळं स्थैर्य खाल्लं! नीट बघा, सूत्रात पाण्याची खोली कुठेच नाही. घोटाभर पाणी असो की कंबरभर, सुरुवातीच्या कलण्यावर परिणाम तोच.

रुंदीचा घन आहे म्हणून उपायही तिथेच आहे. त्याच दालनात मधोमध लांबीच्या दिशेनं एक जलरोधक भिंत असती, तर घट १.०४ वरून ०.२६ वर आली असती, एक चतुर्थांश. दोन भिंती असत्या तर एक नवमांश. माझं मत असं की धुराड्यांचे बोगदे बाजूंना नेऊन मधली जागा मोकळी करण्यानं दालनं देखणी झाली, पण वरच्या डेकवर मधोमध एखादा आडसर मिळाला असता तोही गेला. आकडे मी समजण्यासाठी घेतलेत, त्या रात्रीचं मोजमाप म्हणून घेऊ नका.

सुकाणूधर

यात भर. उजवी बाजू धक्क्याला होती, डावी पाण्याकडे. अग्निशमन नौकांनी वरच्या मजल्यांवर पाण्याचा मारा केला आणि जहाज डावीकडे, धक्क्यापासून दूर, कलू लागलं. कलल्यावर बाजूची उघडी दारं आणि खिडक्या नदीच्या पाण्याखाली गेल्या. तिथून पुढे पाणी वरून यायची गरजच राहिली नाही.

हे काही अघटित नव्हतं हीच माझी खंत आहे. एप्रिल १९३९ मध्ये याच कंपनीची पॅरिस ही लायनर ल हाव्रच्या धक्क्यावर पेटली आणि विझवण्याच्या पाण्यानं आडवी झाली. तेव्हा नॉर्मंडी तिथल्याच सुक्या गोदीत होती, आणि तिला बाहेर काढायला वाट मोकळी व्हावी म्हणून आडव्या पडलेल्या पॅरिसच्या डोलकाठ्या कापाव्या लागल्या. तीन वर्षंसुद्धा झाली नव्हती.

शिडाची_सावली

युर्केविच तेव्हा न्यू यॉर्कमध्येच होते असं वाचलंय. त्यांचं कुणी ऐकलं नाही?

सुकाणूधर

हो, ते धक्क्यावर आले होते. त्यांचा सल्ला असा: तळाचे सी-कॉक, म्हणजे समुद्राचं पाणी आत घेणारे व्हॉल्व्ह, उघडा आणि जहाज सरळ उभं असतानाच तळावर बसवा. खाली अंतर फार नव्हतंच. तळ टेकला की ते पडणार नाही, मग हवं तेवढं पाणी मारा. न्यू यॉर्कमधले नौदलाचे प्रमुख ॲडमिरल अँड्र्यूज यांनी तो मानला नाही. माझ्या मते जहाज तिथेच गमावलं.

मेटासेंटर

तत्त्वाला माझी पूर्ण मान्यता. तळाशी घेतलेलं पाणी जीला खाली ओढतं. कप्पा काठोकाठ भरला तर मोकळं पाणीही उरत नाही. पण अंमलात दोन अडचणी होत्या. कप्पा अर्धा भरलेला असताना तोच मोकळ्या पाण्याचा धोका तळातही असतो, त्यामुळे एकेक कप्पा पुरता भरून मगच पुढच्याला हात लावावा लागतो. दुसरी अडचण माणसांची. कुठला व्हॉल्व्ह कुठे आहे हे जाणणारे खलाशी जहाजावर नव्हते, खाली वीज नव्हती, धूर होता. संध्याकाळी कल वाढल्यावर उजवीकडचे कप्पे भरायचा प्रयत्न झाला, तो अपुरा पडला.

अग्निदक्ष

म्हणूनच तो निर्णय पहिल्या तासात घ्यायला हवा होता, कल वाढल्यावर नाही. दुपारी चारपर्यंत युर्केविचना आत सोडलं असतं तर व्हॉल्व्हच्या जागाही कळल्या असत्या. इथे मी सुकाणूधर यांच्या बाजूनं आहे.

आज जहाजावर पाणी मारताना पहिला नियम: जेवढं आत, तेवढं बाहेर. किती नळ्या, मिनिटाला किती लिटर, किती वेळ, हे फळ्यावर लिहीत जायचं. हजार लिटर म्हणजे एक टन. मिनिटाला १,००० लिटरच्या दहा नळ्या तासाला ६०० टन पाणी चढवतात. शेजारी कलमापक बघणारा एक माणूस, आणि किती अंशांवर मारा थांबवायचा ते आधीच ठरलेलं. डेकच्या कडेची भोकं कचऱ्यानं आणि जळक्या गादीच्या तुकड्यांनी तुंबतात, ती मोकळी ठेवायला वेगळी माणसं. हे न पाळल्यानं किंवा न साधल्यानं पुढेही जहाजं गेली: १९५३ मध्ये लिव्हरपूलच्या गोदीत एम्प्रेस ऑफ कॅनडा, १९७२ मध्ये हाँगकाँगला जुनी क्वीन एलिझाबेथ, २००६ मध्ये तांबड्या समुद्रात अल सलाम बोकाचिओ ९८. शेवटच्या जहाजावर मोटारींचा डेक एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत मोकळा होता. मेटासेंटर यांचं सूत्र तिथे घालून पाहा.

रेवस_ते_भाऊचा_धक्का

हे वाचताना १४ एप्रिल १९४४ डोळ्यांसमोर येतो. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन. पोटात कापसाच्या गाठी आणि सुमारे १,४०० टन स्फोटकं. तिथेही धुमसणाऱ्या कापसावर पाणी ओतत राहिले, तिथेही जहाज बुडवावं का यावर चर्चा झाली, आणि तिथेही शेवटचा शब्द कुणाचा हे ठरलं नव्हतं. फरक एवढा की त्या गोदीत स्फोटकं पाण्याखाली जातील इतकी खोली नव्हती. चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. १४ एप्रिलपासूनचा अग्निशमन सप्ताह त्यांच्यासाठीच पाळतात.

शिडाची_सावली

नॉर्मंडी घातपातानं पेटवली असंही सांगतात. त्यात काही तथ्य?

सुकाणूधर

चौकशांत निष्काळजीपणाच निघाला. न्यू यॉर्कच्या गुंड टोळ्यांनी पुढे श्रेय घेतलं, त्याला पुरावा नाही. कटर, सावरीचा कापूस आणि न बसणारी नळी एवढं पुरेसं होतं.

गोदी_नंबर_एक

जहाज पुन्हा उभं कसं केलं यावर कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. सुमारे ८० अंशांवर पडलेलं, खाली चिखल आणि मध्ये खडक. ओढून सरळ करणं अशक्य. नौदलानं आणि मेरिट-चॅपमन अँड स्कॉट या कंपनीनं आधी धुराडी, डोलकाठ्या आणि वरचे मजले कापून काढले, म्हणजे वरचं वजन गेलं. मग पाणबुडे आत गेले. गढूळ पाण्यात दिसत काहीच नाही, सगळं हातानं चाचपून. शेकडो खिडक्या आणि दारं लाकडानं, काँक्रीटनं बंद केली. आतली जागा आडव्या भिंतींनी कप्प्याकप्प्यांत तोडली आणि चिखल उपसला.

युक्ती पंपांच्या क्रमात आहे. सगळीकडून एकदम पाणी काढलं तर जहाज आडवंच तरंगेल, किंवा एकदम उसळून पलीकडे पडेल. म्हणून कुठल्या कप्प्यात किती पाणी ठेवायचं हे आधी ठरवून थोडं थोडं उपसायचं. रिकामा कप्पा वर उचलतो, भरलेला खाली धरतो, आणि या जोडीनं जहाज हळूहळू फिरतं. थांबून मोजायचं, गळती बुजवायची, पुन्हा थोडं उपसायचं. ऑगस्ट १९४३ मध्ये फिरवायला सुरुवात केली आणि शरद ऋतूत जहाज स्वतःच्या तळावर तरंगलं. मेटासेंटर यांनी सांगितलेलं गणितच इथे उलट्या बाजूनं वापरलंय.

या कामासाठी ८८ नंबरच्या धक्क्यावरच नौदलानं पाणबुडे घडवणारी शाळा काढली. युद्धात बंदरं साफ करणारे कितीतरी जण तिथे शिकले.

जहाजाचा उपयोग मात्र झाला नाही. यंत्रं दीड वर्ष खाऱ्या चिखलात होती. ३ ऑक्टोबर १९४६ ला ते १,६१,६८० डॉलरना मोडीत विकलं आणि न्यू जर्सीत, पोर्ट न्यूआर्कला, तोडलं.

निळी_फीत

तिच्यासाठी सेंट नाझेरला बांधलेली ३५० मीटर लांबीची गोदी अजून आहे. नॉर्मंडी पडल्यावर सुमारे साडेसहा आठवड्यांनी, २८ मार्च १९४२ ला, ब्रिटिशांनी कॅम्पबेलटाउन ही स्फोटकांनी भरलेली विनाशिका तिच्या दारावर घातली. जर्मन युद्धनौका टिरपिट्झ मावेल अशी अटलांटिक किनाऱ्यावर तेवढी एकच सुकी गोदी होती.

शिडाची_सावली

न्यू यॉर्कला राहणाऱ्या मराठी मंडळींना प्रत्यक्ष पाहण्यासारखं तिथे काही उरलंय का?

सुकाणूधर

आहे. आग लागायच्या आधीच बरंच सामान उतरवलेलं होतं, म्हणून वाचलं. मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये चित्रकार झाँ द्यूपाच्या काचचित्रांचा एक कोपरा आहे, विषय नौकानयनाचा इतिहास. रंग आणि सोन्याचांदीचा वर्ख काचेच्या मागच्या बाजूनं लावलाय, त्यामुळे जवळ जाऊन तिरकं बघा, खोली दिसते. हे चित्र त्याच मोठ्या दालनातलं, जिथे ठिणगी पडली. आणि ब्रुकलिन हाइट्सच्या अवर लेडी ऑफ लेबनॉन चर्चच्या दारांवर नॉर्मंडीच्या जेवणाच्या दालनाच्या दारांवरची गोल पदकं बसवली आहेत. ती रस्त्यावरूनच दिसतात, आत जायची गरज नाही.